पेटीतली पेन्सिल

नाव राग्ना, आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर. अमेरिकेतल्या मोंटानाच्या त्या उघड्याबोडक्या टोकाला, जिथं शेजाऱ्याचं घर म्हणजे लांबवरचा एक ठिपका, तिथं राग्नाबाई ट्वेट नवऱ्यामागं एकट्या राहायच्या. गव्हाची शेतं दुसऱ्याला कसायला दिलेली, गुरं विकलेली. उरलं होतं ते गवताचं रान आणि त्यातले फेझंट पक्षी. सरकारची एक योजना होती. आपल्या रानात कुणालाही शिकारीला येऊ द्यायचं, त्याबद्दल सरकार वर्षाला पैसे देणार. बाईंनी लगेच सही ठोकली. "कुंपणाला पैसे लागतात," असं चर्चमध्ये सांगायच्या. कसलं कुंपण न् कसलं काय! शिकाऱ्यानं आधी दारात येऊन मालकिणीची परवानगी घ्यायची, असा नियम होता. बाईंना तेवढंच हवं होतं.

मोसम आला की दार वाजायचं. बाई आधी डाफरायच्या, "पाय पुसा! कुठून उगवलात?" मग कॉफी, आणि बटाट्याच्या मऊ पोळ्या, लोणी-साखर लावून गुंडाळलेल्या. माणसं टोप्या काढून बसायची, आपापल्या कुत्र्यांच्या फुशारक्या मारायची. वर्षाचं बोलणं बाई त्या काही आठवड्यांत उरकून घ्यायच्या.

यंदा मात्र सरकारी शिकार खात्याचा मर्ल एक पेटी घेऊन आला.

"आता तुम्हाला त्रास नको, बाई. ही फाटकाशी ठोकतो. शिकारी चिठ्ठीवर नाव लिहून आत टाकतील, झाली परवानगी. दाराशी यायलाच नको."

"त्रास होतो म्हणून कुणी सांगितलं तुला?"

"तसं नाही, पण तुमचं वय..."

"वयाचं काढू नकोस. तुला लाळेरं बांधलेलं पाहिलंय मी."

मर्ल हसला. खरं सांगायला बाईंची जीभ रेटेना. मला इथं करमत नाही, एवढंच तर म्हणायचं होतं! पण कुणापुढं तोंड वेंगाडणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं. "मग ओसरीवर ठोक," त्या म्हणाल्या. "फाटकाशी बर्फात गाडली जाईल."

पहिल्या दिवशी उजाडता उजाडता गाडी आली. बाई केस विंचरून टेबलाशी बसलेल्या, कॉफी तयार. पावलं ओसरीवर चढली. पेटीचं झाकण करकरलं.

"हळू रे," कुणीतरी कुजबुजलं, "म्हातारी झोपली असेल."

आणि चवड्यांवर उतरून गेलेसुद्धा. या चांगुलपणाला काय म्हणावं!

दुसऱ्या दिवशी बाईंनी दिवा लावून ठेवला, भांडी आपटली. तरी तेच. मग त्यांना युक्ती सुचली. पेटीतली पेन्सिल काढून त्यांनी एप्रनच्या खिशात टाकली. आता बघू, कसे जातात न मागता!

पुढचे दोघं आले.

"अरे, पेन्सिलच नाहीये. दार वाजवू?"

बाईंचा हात कडीवर गेला.

"छे, कशाला उठवतोस? माझ्याकडं पेन आहे ना."

आता मात्र बाईंना राहवेना. त्यांनी दार उघडलं. नारिंगी टोप्यांतले दोघं चपापले.

"पेन्सिल हवी होती?"

"नको बाई, झालं काम. उठवलं का तुम्हाला?"

"मी जागीच असते रे. कॉफी घेता का? केलेलीच आहे."

म्हणून टाकलं एकदाचं. कान तापले त्यांचे. एक जण आत डोकावला, दुसऱ्यानं उजळत्या आभाळाकडं पाहिलं.

"परत जाताना नक्की, बाई. शब्द दिला."

मग काय विचारता! बाईंनी बटाटे उकडले, पोळ्या लाटल्या, तीन कप मांडले. नवऱ्याच्या खुर्चीवरचा कपड्यांचा ढीगसुद्धा हलवला. दुपार झाली. खिडकीशी वाट बघत बसल्या, आणि पहाटेपासूनचं जागरण, डोळा लागला.

जाग आली ती गाडीच्या आवाजानं. बाई धडपडत ओसरीवर आल्या. गाडी फाटकाबाहेर वळत होती. शब्द पाळला होता पोरांनी. आले होते, खिडकीतून झोपलेली बाई दिसली असणार. पेटीवर दोन फेझंट ठेवले होते, सोलून, स्वच्छ धुऊन, कागदात नीट गुंडाळून.

"दोन दोन पाखरं!" बाई रस्त्याकडं बघून ओरडल्या. "एकटीनं खायची कशी मी? उठवायचं रे मला! उठवायचं होतं!"