माळशेज उतरल्यावर

माझे वडील, ज्यांना मी आबा म्हणते, आयुष्यभर पश्चिमेकडे सरकत राहिले. कुणी ठरवून ती दिशा धरली नव्हती. जुन्नरकडच्या गावातून माळशेज घाट उतरून मुरबाड, तिथून टिटवाळा, मग डोंबिवली आणि शेवटी ठाण्याला, घोडबंदर रोडवर माझ्या घरी. डोंबिवली सोडताना आमचं सामान टेम्पोतून शांतपणे गेलं. त्याआधीच्या तिन्ही घरांतून निघताना मात्र रक्त सांडलेलं होतं.

गावात आबांचं आणि थोरल्या काकांचं शेत शेजारी शेजारी होतं. आजोबा गेल्यावर वाटणी झाली आणि मध्ये एक बांध घातला. दरवर्षी नांगरट झाली की तो बांध आमच्या बाजूला थोडा सरकायचा. मी तेव्हा शाळेतही जात नव्हते. आई भाकरी घेऊन शेतात निघाली होती आणि मी तिच्या कडेवर होते. लांबूनच आबांचा आवाज आला.

"बांध कुठं गेला?"

"बांधाला काय पाय फुटल्यात?" काका म्हणाले. "हाय तिथंच हाय."

आबांनी वाकून दोन्ही हातांनी माती उकरायला सुरुवात केली. खाली जुन्या बांधाचे दगड लागले. त्यांनी एक दगड उचलून काकांच्या पायाजवळ टाकला. काकांच्या हातात कोयता होता. ऊस तोडायला आणलेला तो कोयता आबांच्या खांद्यात बसला आणि तिथंच रुतून राहिला. आबा खाली पडले नाहीत. त्यांनी उभ्या बैलांच्या जुवातून शिवळ उपसली, हातभर लांबीची ती लाकडी खुंटी काकांच्या कानशिलावर हाणली. काका मटकन खाली बसले. बैल जागचे हलले नाहीत. आईने मला मातीत ठेवलं आणि आपला पदर आबांच्या खांद्यावर दाबून धरला. मी रडले की नाही ते आठवत नाही. भाकरीबरोबरच्या सांडलेल्या कोरड्यासाला मुंग्या लागल्या, ते मात्र आठवतं.

दोघेही वाचले. आजीने दोन्ही मुलांना एकाच ओसरीवर दोन टोकांना निजवलं होतं. चार दिवस तिने दोघांची तोंडं पाहिली आणि मग म्हणाली, "तुम्ही दोघं हितं ऱ्हायलात तर एक मरंल नि एक फासावर जाईल. धाकट्या, तू जा."

आई पुढे झाली. "आम्हीच का?"

"थोरल्याच्या घरात सहा तोंडं हायत. तुमच्यात हे एक पोर." आजीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

बैलजोडी आणि भांड्यांचं एक गाठोडं घेऊन आम्ही घाट उतरलो.

मुरबाडच्या पुढे एका मालकाचं शेत आबांनी अर्ध्या वाट्याने करायला घेतलं. ज्वारी-बाजरीचा माणूस भाताच्या चिखलात उतरला. पहिल्या वर्षी रोपं इतकी दाट लावली की शेजारची बायका-माणसं बांधावर बसून हसली. पुढे त्यांच्यातलीच एक बाई आईच्या शेजारी चिखलात उभी राहिली आणि तिने आईला आवण, म्हणजे भाताची रोपं, कशी सुटी करायची, लावताना किती काड्यांचा चूड हातात धरायचा ते दाखवलं. हळूहळू आम्ही तिथले झालो. मी शाळेत जायला लागले. आई पुन्हा गरोदर राहिली.

मालक कल्याणला राहायचा. आमचा तिथे जम बसतोय हे पाहून त्याच्या मनात भीती शिरली. हा माणूस उद्या कूळ म्हणून जमिनीवर नाव लावील. भात कापून झालं, खळ्यावर झोडणी चालू होती, तेव्हा तो आपला पुतण्या आणि आणखी दोघांना घेऊन आला.

"शेत आजच्या आज मोकळं कर," तो आबांना म्हणाला. "भात इथंच राहील."

"निम्मं माझं हाय," आबा म्हणाले. "ते उचलतो नि जातो. तुमचं शेत मला नको."

आई भरलेल्या पोत्यावर बसली होती. सहावा महिना होता, पाय सुजले होते. पुतण्या तिच्यापुढे येऊन उभा राहिला. "उठ."

"नाही उठत," आई म्हणाली. "मी लावलंय, मी कापलंय."

त्याने तिच्या पोटात लाथ मारली. आई आवाज न करता कुशीवर कलंडली. आबा खळ्याच्या पलीकडे होते. ते कधी आले ते कळलंच नाही. त्यांच्या हातात खळ्यातला मधला खांब, मेढ, रोवायची पहार होती. ती त्यांनी पुतण्याच्या गुडघ्यावर घातली. मग तो खाली पडल्यावर परत त्याच गुडघ्यावर घातली. बरोबरचे दोघे पळाले. मालक हात जोडून उभा राहिला आणि एकच वाक्य म्हणत राहिला, "घेऊन जा, निम्मं घेऊन जा, घेऊन जा." पोलिसात तो गेला नाही. गेला असता तर शेत कोण कसतंय हे त्याला सांगावं लागलं असतं.

आईला भाताच्याच गाडीतून मुरबाडच्या दवाखान्यात नेलं. मूल गेलं. मुलगा होता. त्यानंतर तिला मूल झालं नाही.

दवाखान्यातून परत आल्यावर ती चुलीपुढे बसली असताना आबा म्हणाले, "उठायला काय झालं व्हतं तुला?" आईने उत्तर दिलं नाही. आबांनी तिच्या थोबाडीत मारली. मी दारात उभी होते. ज्या माणसाने तिच्यासाठी दुसऱ्याचा गुडघा फोडला, त्याच माणसाने तिला का मारावं, हे मला तेव्हा समजलं नाही. आता थोडंफार समजतं, पण त्याने तो दिवस काही बदलत नाही.

आई कित्येक दिवस त्यांच्याशी बोलली नाही. मग एक दिवस तिने हातातल्या पाटल्या काढून त्यांच्यापुढे ठेवल्या. "ह्याच्या पुढं मी दुसऱ्याच्या जमिनीत पाय घालणार नाही."

त्या पाटल्या आणि गावातला वाटा काकांना विकून आलेले पैसे यांतून टिटवाळ्याजवळ काळू नदीच्या काठाला जमिनीचा एक तुकडा घेतला. लांबट आणि नदीकडे उतरता. तिथे आमची चांगली वर्षं गेली. भेंडी, गवार, मेथी, माठ. आई सकाळी टोपली घेऊन कल्याणच्या बाजारात जायची आणि मोठी झाल्यावर मी तिच्यासोबत कॉलेजला. आबा हसायला लागले होते. संध्याकाळी काठावरचं पाणी उपसायचं इंजिन बंद करून ते नदीत पोहायचे आणि ओल्या अंगानेच घरी यायचे.

मग रेतीवाले आले. आधी लांब, वळणाच्या पलीकडे. बोटीवर पंप लावून नदीच्या तळातली रेती उपसायचे. पुढे पुढे सरकत ते आमच्या काठाखाली आले. तळ खचला की काठ आपोआप ढासळतो. एका पावसाळ्यात आमचे केळीचे खुंट गेले, पुढच्या पावसाळ्यात भेंडीचे वाफे. त्यांचा मुकादम एक तिशीतला माणूस होता, नेहमी पांढऱ्या कपड्यांत. तो घरी आला, आईच्या हातचा चहा प्यायला.

"बाबा, नदी काय तुमच्या नावावर आहे का?" तो हसून म्हणाला. "खालीपिली वांधा कशाला? जमीन देऊन टाका, दोन पैसे मिळतील."

"काठ माझ्या नावावर हाय," आबा म्हणाले.

आबांनी तहसीलदारांकडे अर्ज दिले. पाहणीला माणूस यायचा त्या दिवशी नदीत बोट नसायची.

तो दिवस रविवार होता, म्हणून मी घरी होते. तोवर मी ठाण्याच्या एका शाळेत शिकवायला लागले होते. सकाळी दहाच्या सुमाराला काठाचा मोठा तुकडा पाण्यात गेला. त्याच्याबरोबर आमचं इंजिन गेलं, वरचं पत्र्याचं छप्पर गेलं. आवाज असा आला की आईला वाटलं भूकंप झाला. आबा धावत खाली गेले. त्यांनी कोयता दातांत धरला आणि पाण्यात उडी टाकली. बोटीपर्यंत पोहत जाऊन पंपाची जाड नळी कापली. वरून कुणीतरी बांबूने त्यांच्या डोक्यावर मारलं. ते काठाकडे परतले. तोपर्यंत चौघे जण काठावर उतरले होते.

मला लोखंडी सळया दिसल्या. पांढऱ्या कपड्यांतला मुकादम मागे उभा होता. "पायावर," तो म्हणाला. "फक्त पायावर मारा." त्यांनी आबांच्या उजव्या पायावर मारलं. आबा ओरडले. मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा ओरडताना ऐकलं. चिखलात ते उपडे पडले तरी सळई खाली येत होती.

आई त्यांच्या अंगावर आडवी झाली. तिने त्यांना मिठी वगैरे मारली नाही. वाळत घातलेलं धान्य पावसात झाकावं तशी ती त्यांच्यावर पसरली. दोन घाव तिच्या पाठीवर बसले.

माझ्या हातात फावडं होतं. ते मी कधी उचललं ते सांगता येणार नाही. सगळ्यांत जवळचा जो होता त्याच्या मानेखाली मी ते घातलं. तो वळला, त्याने माझ्याकडे पाहिलं. वयाने माझ्याएवढाच असेल. मी पुन्हा मारलं. तो खाली पडला आणि त्याच्या शर्टातून रक्त यायला लागलं, तेव्हा मला आनंद झाला. दुसरा शब्द मी शोधून पाहिला, मिळाला नाही.

त्यांनी त्याला उचलून बोटीत टाकलं आणि गेले.

तो मेला नाही. आबांचा पाय कल्याणच्या इस्पितळात सळया घालून जोडला, तो आखूड राहिला. आमची तक्रार झाली तशी त्यांचीही माझ्याविरुद्ध झाली. कल्याणच्या कोर्टाच्या पायऱ्या मी कितीतरी वर्षं चढले. शाळेतून अर्धी रजा टाकायची आणि बाकावर बसायचं. समोरच्या बाकावर तो मुलगा बसायचा, मान एका बाजूला थोडी कललेली. एकदा त्याने मला विचारलं, "मॅडम, आज होईल का हो आपलं?" मी म्हटलं, "काय माहीत." शेवटी दोन्ही बाजूंनी तडजोड केली. जमीन आम्ही विकली. तिथे आता इमारती आहेत आणि नदीला सिमेंटची भिंत.

डोंबिवलीत आम्ही दोन खोल्या घेतल्या. आई तिथेच वारली, साध्या तापाने, दोन दिवसांत. तिला आंघोळ घालताना पाठीवरचे दोन काळपट वळ मी पहिल्यांदा नीट पाहिले. आबा स्मशानातून आल्यावर भिंतीकडे तोंड करून झोपले. माझं लग्न झालं होतं. काही दिवसांनी मी आणि माझ्या नवऱ्याने त्यांना घोडबंदर रोडला आमच्या फ्लॅटमध्ये आणलं.

सोसायटीच्या मागे, कुंपणाच्या भिंतीलगत, रिकामी पट्टी होती. बिल्डरने दुसरा टप्पा बांधायला ठेवलेली. आबांनी कुणाला न विचारता ती खणली. वाल लावले, मिरच्या लावल्या, अळू लावला. ऐंशी ओलांडलेला लंगडा माणूस कुदळ चालवताना पाहून सोसायटीतल्या बायका त्यांचे व्हिडिओ काढायच्या. भाजी ते सगळ्यांना वाटायचे. वर्ष-दीड वर्ष छान गेलं.

गेल्या मार्गशीर्षात त्या पट्टीत जेसीबी आला. मी घरीच होते. खालून एका बाईचा फोन आला, "अहो, लवकर या, तुमचे आबा बघा काय करतायत." मी लिफ्टची वाटही पाहिली नाही. खाली वेल मातीत कालवले गेले होते. आबा जेसीबीच्या समोर कुदळ घेऊन उभे होते. साइटवरचा सुपरवायझर, कोवळा पोरगा, त्यांचा दंड धरून ओढत होता. "आजोबा, ऐका ना, प्लीज. अंकल, हटा ना यार." आबा पडले. उठले. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी ओळखलं. त्यांनी कुदळ डोक्यावर उचलली, आणि तो पोरगा नुसता बघत राहिला, त्याला कळलंच नव्हतं की हा म्हातारा खरंच मारणार आहे.

मी मध्ये गेले. कुदळीची बोथट बाजू माझ्या गळ्याच्या हाडावर बसली.

हाड मोडलं. मी गुडघ्यांवर आले. आबांच्या हातातून कुदळ सुटली. "कोण?" ते म्हणाले. "कोण व्हतं मधी?" समोर मी होते तरी ते विचारत होते. सुपरवायझरनेच रिक्षा आणली, तोच माझ्यासोबत दवाखान्यात आला आणि सगळा वेळ रडत होता.

पोलिसात कुणी गेलं नाही. पट्टीवर आता खड्डा आहे आणि त्यातून काँक्रीटचे खांब वर येतायत. आबा खाली उतरत नाहीत.

माझा हात गळ्यात बांधलेला होता. शाळेला रजा होती, नवरा सकाळीच ऑफिसला जायचा. केस विंचरता येत नव्हते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी एका हाताने झगडत होते, तेव्हा आबा मागे येऊन उभे राहिले. त्यांनी माझ्या हातातून फणी घेतली.

"बस."

मी पलंगाच्या कडेला बसले. ते केसांच्या टोकाकडून सुरुवात करतात हे जाणवून मला नवल वाटलं. त्यांचा श्वास माझ्या डोक्यावर लागत होता.

"तुझ्या आईवर मी हात टाकला," ते म्हणाले. "तू दारात व्हतीस."

"हो."

"ती काय बोलली नाही."

"नाही बोलली."

फणी गुंत्यात अडकली. त्यांनी ती ओढली नाही. बोटांनी एकेक केस सोडवत बसले. मग तीन पेड केले, ते सुटले, परत केले. वेणी वाकडी झाली होती, ती मी संध्याकाळपर्यंत तशीच ठेवली.

"ओढलं का गं?" त्यांनी विचारलं.

"नाही, आबा."

"ओढलं तर सांगत जा."

हाड जुळून आता महिना झाला. माझा हात वर जातो, पण हे मी अजून त्यांना सांगितलेलं नाही. सकाळी चहा झाला की ते फणी घेऊन येतात आणि मी पलंगाच्या कडेला बसते.