कंट्री शोमधला सत्कार

माझ्या गाडीच्या डिकीत एक शाल आणि एक नारळ कायम असतो. मी अमेरिकेत, अल्फारेटातल्या मराठी मंडळाचा अध्यक्ष आहे. (हे पद दुसऱ्या कोणालाच नको असतं, म्हणून ते माझ्याकडे टिकून आहे.) कधी कोणाचा सत्कार करावा लागेल, सांगता येत नाही.

तर आमची लेक सई. तिला व्हायोलिनच्या क्लासला घातलं ते तिने यमन, भूप वाजवावा म्हणून. ती वाजवायला लागली कंट्री म्युझिक! आणि असं वाजवलं, की टीव्हीवरच्या एका कंट्री शोमध्ये तिला चक्क सोलो मिळाला. शो कसला, तर स्टेजवर गवताचे भारे, चौकडीच्या शर्टातले वादक, आणि दोन गाण्यांच्या मधे गाय, सासू आणि शेजारी यांच्यावरचे गावरान विनोद. थोडक्यात आपला वगच, फक्त फेट्याच्या जागी हॅट.

रेकॉर्डिंगला निघताना सईने बजावलं, "बाबा, प्लीज, जस्ट सिट! माझं गाणं लास्ट आहे. शो लांबला तर तेच कट होईल."

"मी काय लहान आहे?"

"अँड नो सत्कार!"

"अगं, बाबा माझ्याच शेजारी बसणार आहेत," बायको म्हणाली. "मी बघते ना."

दारावर गार्डने माझी पिशवी उघडली.

"व्हॉट्स धिस?"

"कोकोनट."

"व्हाय?"

"फॉर रिस्पेक्ट!"

त्याने नारळ कानाशी हलवला, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मुकाट्याने परत दिला.

"अहो, पिशवी कशाला आणलीत?" बायको कुजबुजली.

"मग काय, उन्हात डिकीत तडकू द्यायचा?"

शो छान चालला होता. शेवटाकडे दाढीवाल्या होस्टने विचारलं, "इथे कोणी फार लांबून आलंय का?" आता आमच्या मंडळात असं विचारलं, की त्या माणसाने स्टेजवर यायचं असतं. इथे नुसता हात वर करायचा असतो, हे मला कोण सांगणार? बायकोने माझा शर्ट धरेपर्यंत मी पायऱ्या चढलोसुद्धा होतो.

होस्टच्या अंगावर शाल घातली, हातात नारळ दिला. त्याने तो उलटासुलटा करून पाहिला. "बोलिंग बॉलसारखी तीन भोकं आहेत, पण बोटं जात नाहीत!" हॉल खदखदून हसला. मग भल्या माणसाने सभ्यपणे मला माइक दिला. तिथेच तो फसला!

मी म्हटलं, दोन शब्द बोलतो. (मराठी माणसाचे दोन शब्द!) आपली लोककला, त्यांची लोककला, दोघींमधलं बहिणींचं नातं, असं करत मी आभारप्रदर्शनाला लागलो. समोर एक बाई सारखी मनगटावर बोट आपटत होती. पण आमच्याकडे वक्त्याला आवरायची चिठ्ठी येते. चिठ्ठी आलेली नव्हती, म्हणजे वेळ होता!

लाइटवाल्यांचे आभार मानताना विंगेकडे नजर गेली. सई व्हायोलिन घेऊन उभी होती, रडकुंडीला आलेली. तिच्या गाण्याचा वेळ मी खात होतो! पण पार्किंगवाल्यांचे आभार राहिले होते, आणि ते अर्धवट सोडणं माझ्या रक्तातच नाही.

तेवढ्यात सई तरातरा स्टेजवर आली. माझ्याकडे बघितलंही नाही. व्हायोलिन हनुवटीखाली धरलं आणि असा काही गज फिरवला, की माझे पार्किंगवाले त्यात वाहून गेले. मागून बॅन्जो सुरू झाला. होस्ट शाल पांघरून, नारळ डोक्यावर धरून नाचायला लागला. हॉल उभा राहिला! बायकोही उभी राहिली, पण ती बहुधा मला खाली ओढायला.

"सॉरी गं," गाडीत मी म्हणालो.

"बाबा, डोन्ट टॉक," सई म्हणाली.

शो टीव्हीवर आला. सईचं गाणं अख्खं दाखवलं. माझं भाषणही दाखवलं, पण आवाज बंद करून. व्हायोलिनच्या ठेक्यावर माझे हातवारे आणि हलणारं तोंड! सईला त्यांनी पुन्हा बोलावलंय. मला मात्र दुसरीकडून आमंत्रण आहे. मंडळात सगळ्यांनी तो शो पाहिला, आणि यंदाच्या गणेशोत्सवात माझं अध्यक्षीय भाषण एकमताने ठेवलंय. व्हायोलिनवर सई. माइक फक्त तिलाच आहे.