शेटकार सरांचा प्लूटो

शेटकार सर विद्यार्थ्यांना दगड दाखवत नसत. लातूरच्या आमच्या कॉलेजात ते भूशास्त्र शिकवायचे. प्रात्यक्षिकाच्या परीक्षेला ते दगड एका जाड कापडी थैलीत घालत, नाडी आवळत आणि थैली पोरांपुढे ठेवत. हात आत घालायचा, चाचपायचं, वजनाचा अंदाज सांगायचा, नखाने ओरखडा उठतो का ते सांगायचं. बघायचं नाही. ‘गुळगुळीत’ म्हटलेलं चालायचं, ‘छान’ म्हटलेलं चालायचं नाही. एकदा एका मुलीच्या तोंडून घाबरून ‘छान आहे सर’ असं निघून गेलं. सर म्हणाले, ‘‘छान? भावासाठी स्थळ बघून राहिलीस का?’’ वर्ग हसला. मुलगी रडायला लागली, तेव्हा सरांनी थैली जवळ ओढून घेतली. ‘‘हिच्यावर रडू नको. दगड ओला झाला की वजन बदलतं.’’

मी त्याच कॉलेजात भूगोल शिकवत होतो. सरांनी मला कधी नावाने हाक मारली नाही. ‘‘ये भूगोल, चहा सांग,’’ एवढीच आमची सलगी. उदगीरच्या कापड दुकानदाराच्या घरात जन्मलेला हा माणूस कापड मोजावं तशी माणसं मोजायचा, आणि माप नेहमी कमीच भरायचं.

प्लूटोला ग्रहांच्या पंगतीतून उठवून बटुग्रह केलं, त्या दिवशी सरांनी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. कुणाचीही खुर्ची गेली की त्यांना आनंद व्हायचा. ही तर सूर्याच्या घरची खुर्ची होती. बटुग्रह म्हणजे काय, हे त्यांनी प्राचार्यांसमोरच समजावून सांगितलं. ‘‘गोल असतो. सूर्याभोवती इमानदारीनं चकरा मारतो. पण आपल्या वाटेतली धोंड बाजूला करायची ताकद त्याच्यात न्हाई.’’ मग प्राचार्यांच्या पोटाकडे आणि नंतर भिंतीवरच्या संस्थाचालकांच्या तसबिरीकडे बघून म्हणाले, ‘‘असे लई असतात.’’ प्राचार्यांनी हातातला अर्धा पेढा बशीत परत ठेवला.

त्याच वर्षी प्लूटोकडे एक यान निघालं होतं. ते पोचायला नऊ-दहा वर्षं लागणार होती. तिथे काय दिसेल, हे सरांनी आधीच ठरवून टाकलं होतं. ‘‘खड्डे. दुसरं काय दिसणार? भाकरी लहान असली की लवकर गार होती. एवढासा गोळा, केव्हाच थंड पडला. मेलेल्या जमिनीवर वरून दगड पडत राहतात, तिथं खड्डे बुजवायला कोण बसलंय?’’ खड्ड्यांवरून जमिनीचं वय काढतात, ही गोष्ट लातूरहून निलंग्याला एसटीने जाणाऱ्या माणसाला वेगळी शिकवावी लागत नाही. खड्डे जास्त म्हणजे बऱ्याच काळात कुणी हात लावलेला नाही. खड्डे नाहीत म्हणजे जमीन नुकतीच नवी झालेली. सर नोकरीभर प्रत्येक वर्गाला प्लूटो ‘मेलेला गोळा’ म्हणून शिकवत आले. ‘कदाचित’ असा शब्द ज्याने उत्तरात लिहिला, त्याचे मार्क गेले.

फार पूर्वी त्यांच्या वर्गात नायगावकडचा एक बालाजी होता. सरांनी त्याच्यापुढे थैली ठेवली. बालाजीने हात आत घातला न घातला आणि म्हणाला, ‘‘तुम्ही म्हणाल ते, सर.’’

‘‘मी म्हणतो ही बर्फी हाय.’’

‘‘हाव सर. बर्फीच.’’

त्या वर्षी बालाजी नापास झाला आणि पुढे शिक्षणक्षेत्रात गेला. नांदेडला त्याची आधी शिकवणी निघाली, मग शाळा, मग तीन-चार कॉलेजं. नावही वाढत गेलं: बालाजी, बालाजीराव, शिक्षणमहर्षी डॉ. बालाजीरावजी. फलकावर नाव मावेना, तेव्हा त्यांनी फलक मोठे केले.

घरात सरांची थैली नव्हती, पण जीभ होती. शिवकांतावहिनी पाहुण्यांना वाढत असायच्या आणि सर सगळ्यांदेखत पहिल्या घासाचा निकाल लावायचे. सेरेस नावाच्या बटुग्रहावर पांढरे डाग दिसले आणि ते कशाचे यावर जगभर तर्क चालले होते, तेव्हा सर म्हणाले, ‘‘मीठ. निलंग्याच्या उसाच्या रानात बघा, पाणी उडून गेलं की असंच पांढरं फुटतं. त्यांना नमुना पाहिजे असला तर आमच्या घरचं वरण पाठवतो.’’ पाहुणे हसले. वहिनी वाढत राहिल्या. मिठाबाबत सरांचं बरोबर निघालं, असं पुढे कळलं. सेरेसवरच्या मिठाबाबत म्हणतोय. वहिनींचं वरण मी बऱ्याचदा खाल्लं आहे.

हे ते बोलले तेव्हा त्यांना स्वतःला ते डाग दिसत नव्हते. निवृत्तीनंतर शुगरने त्यांचे डोळे गेले होते. स्टाफरूममध्ये बातमी आली तेव्हा कोणीतरी म्हणालं, ‘‘घातलं सरांना थैलीत!’’ सगळे मनापासून हसले. हसणाऱ्यांत त्यांचे चार विद्यार्थी होते.

आणि अशात यान प्लूटोला पोचलं.

सरांनी मला घरी बोलावून घेतलं. बाहेरच्या खोलीत खुर्चीवर ताठ बसले होते. ‘‘भूगोल, फोटो आलाय म्हणतात. मधे पांढरा मोठा भाग हाय म्हणतात. त्याच्यात खड्डे हायत का, एवढं सांग. बाकीचं मला काय करायचंय.’’ मरण्याआधी त्यांना एवढीच गोष्ट हवी होती: आपण बरोबर होतो की नाही.

मी फोनवर तो फोटो उघडला. पाण्याचा ग्लास द्यायच्या निमित्ताने वहिनींनी मला स्वयंपाकघराच्या दाराशी बोलावलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, ‘‘भावजी, खरं काय ते सांगा. ह्यांचं चुकलेलं एकदा ऐकायचंय मला.’’

मी सरांच्याच पद्धतीने वर्णन केलं. डाव्या बाजूला काळपट पट्टा, त्यावर खड्डे. मधे पांढरं पठार. पठाराच्या कडेला डोंगर. ते पाण्याच्या बर्फाचे आहेत असं म्हणतात. पठारावर भेगा, भेगांनी पाडलेले मोठे मोठे तुकडे. खड्डा एकही नाही.

‘‘नीट बघ.’’

‘‘बघितलं सर. एकही नाही.’’

‘‘तुला कधी बघता आलं? नकाशे रंगवणारा तू.’’ त्यांनी तोंड फिरवलं. ‘‘नापास.’’

त्यानंतर जो येईल त्याची परीक्षा सुरू झाली. दूधवाला, शुगर तपासायला येणारी नर्स, मुदखेडहून आलेला मेहुणा. प्रत्येकाला वहिनी फोनवरचा फोटो उघडून देत आणि सर विचारत, ‘‘मधे खड्डे हायत का?’’ नर्स म्हणाली, ‘‘न्हाई सर, हितं तर सारवल्यासारखं दिसून राहिलंय.’’ सगळे नापास होत गेले. मेहुणा म्हणाला, ‘‘दाजी, मी तर बहिणीच्या नवऱ्यासाठी खोटं पण सांगितलं असतं, पण खरंच न्हाईत.’’ त्याचं त्या दिवशीचं जेवण अबोल झालं.

शेवटी गुरुपौर्णिमेला शिक्षणमहर्षी आले. गल्लीत तीन गाड्या लागल्या. शाल, श्रीफळ, फेटा, हार, फोटोग्राफर आणि हार धरायला वेगळा माणूस. गल्लीच्या तोंडाशी ‘गुरुवंदना’ असा फलक लागला. त्यावर शिष्य मोठा होता आणि गुरू एका कोपऱ्यात गोल चौकटीत होता. वहिनी आत तीस कप चहा टाकत होत्या. बालाजीरावजींनी वाकून पाय धरले आणि फोटो निघेपर्यंत धरून ठेवले.

सर म्हणाले, ‘‘बालाजी, भूगोलच्या फोनमधे प्लूटोचा फोटो हाय. मधल्या पांढऱ्या भागात खड्डे दिसतात का सांग.’’

मी फोन पुढे केला. फोटो दाखवायच्या आतच त्याचा उजेड गेला होता. काच काळी झाली होती. महर्षींनी त्या काळ्या काचेकडे बघून हात जोडले. ‘‘दिसतात की सर! लई दिसतात! तुम्ही वर्गात सांगितलं होतं, सेम तसंच!’’ लोकांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या संपल्या. मग सरांनी मला दंडाला धरून खाली ओढलं आणि कानात म्हणाले, ‘‘भूगोल, एकही न्हाई म्हणालास ना?’’

‘‘एकही नाही, सर.’’

‘‘बरोबर हाय तुझं. बालाजीला दिसले म्हणजे नसणारच.’’ त्यांचा हात माझ्या दंडावर तसाच राहिला. ‘‘म्हणजे अजून कुणीतरी आतून सारवून राहिलंय तिथं. जिवंत हाय. आणि मी जन्मभर पोरांना...’’

‘‘सर, जरा इकडं बघा,’’ फोटोग्राफर म्हणाला. सरांनी त्या आवाजाकडे बघितलं. फेटा डोळ्यांवर आला होता; तो कुणी सारखा केला नाही.

गाड्या गेल्यावर मी वहिनींना सांगितलं, सरांनी चूक कबूल केली म्हणून. त्या कप विसळत होत्या. ‘‘चारचौघांत म्हणाले का?’’

‘‘नाही. माझ्या कानात.’’

‘‘मग काय उपयोग,’’ म्हणाल्या आणि पुढचा कप घेतला.

पुढच्या उन्हाळ्यात सर गेले. लिंगायत रीतीप्रमाणे त्यांना बसवून माती दिली. उशिरा आलेल्या वर्गावर रागावून बसल्यासारखे दिसत होते.

वर्षभरात बालाजीरावजींनी नांदेडच्या आपल्या संस्थेत सरांच्या नावाने अंतराळ दालन उघडलं. दाराशीच चौथऱ्यावर माणसाच्या उंचीचा प्लूटो. तो गणपती घडवणाऱ्या एका कारागिराकडून करून घेतला होता, आणि ‘आमच्या सरांना खड्डे फार प्रिय होते’ असं त्याला सांगण्यात आलं होतं. त्याने मन लावून काम केलं होतं. काळा पट्टा, डोंगर, पांढरं पठार, कुठे तळहाताएवढी जागा मोकळी सोडली नव्हती. खाली सरांचं नाव, सोनेरी अक्षरांत: ‘यांच्या संशोधनावर आधारित’.

उद्घाटनाला वहिनींना मीच लातूरहून घेऊन गेलो होतो. भाषणं चालू होती तेव्हा त्या उठून चौथऱ्याजवळ गेल्या. पांढऱ्या पठारावरून बोटं फिरवत एकेक खड्डा चाचपत राहिल्या. शाळेतल्या पोरांची रांग मागे वह्या घेऊन आकृती काढत होती.

मी म्हटलं, ‘‘वहिनी, हे चूक आहे. सरांनी स्वतःच सोडून दिलं होतं. मी कारागिराला गाठतो. खड्ड्यांत रंगाऱ्याची लांबी भरली की तासाभरात बुजतील.’’

‘‘राहू द्या, भावजी.’’

‘‘पण सरांच्या नावावर...’’

‘‘हाव. त्यांच्याच नावावर.’’ त्यांनी पदराला हात पुसले. ‘‘माझं मीठ ते जन्मभर चारचौघांत काढत आले. त्यांचं हे एवढं एक राहू द्या चारचौघांत.’’