रविवारचं पुडकं

माझ्या जावयाचं मनगट ज्यांनी मोडलं, त्यांच्या अंगाला मी बोटही लावलं नाही. मी मारलं ते माझ्या एकवीस वर्षं जुन्या मित्राला. तो त्या मारामारीत कुठेच नव्हता. तो फक्त बाजूला उभा होता, हातात पिशवी घेऊन.

आमच्या घराण्यात हात आधी चालतो आणि तोंड नंतर. वडील कोकणातून गिरणीत आले, भांडुपच्या चाळीत संसार केला, आणि भांडण कधी बोलून मिटवलेलं मी त्यांना पाहिलं नाही. माझ्या नोकरीत चार पैसे गाठीला लागल्यावर मी आणि वडील मुलुंडला फ्लॅट बघायला गेलो, तेव्हा जिन्यातच दलालाने सांगितलं, ‘‘काका, इथे मच्छीवाले चालत नाहीत.’’ एवढ्यावर थांबला असता तर निभावलं असतं. पण त्याने नाक चिमटीत धरून दाखवलं. वडिलांनी त्याच नाकावर ठोसा मारला. रक्त माझ्या पांढऱ्या शर्टावर उडालं आणि आम्ही बापलेक रिक्षात बसून पळालो. वडील वाटभर खुशीत होते. मला मात्र लाज वाटत होती, आणि फ्लॅट तर गेलाच होता.

पुढच्या वेळी मी वडिलांना नेलं नाही. कमिटीच्या चार माणसांनी मला खुर्चीत बसवून विचारलं, ‘‘नॉन-व्हेज खाता का?’’ मी म्हटलं, ‘‘नाही.’’ घर मिळालं.

‘‘खोटा बोललंस?’’ वडिलांनी विचारलं.

‘‘घर मिळालं ना?’’ मी म्हटलं. त्या घरात त्यांनी शेवटपर्यंत मासे खाल्ले, पण खिडक्या लावून.

आता शाकाहाऱ्यांच्या इमारतीत मासे खायचे तर त्याचं एक शास्त्र असतं, आणि ते मी बसवलं. बाजारातून पिशवी आणायची ती वर पालेभाजी ठेवून. मासे फक्त रविवारी, दुपारचे. कालवण उतरवलं की बायको लगेच तव्यावर कॉफीची पूड भाजायची, म्हणजे जिन्यात कॉफीचाच वास. राहता राहिले काटे, डोकी आणि कुर्ल्यांची कवचं. ते सोसायटीच्या डब्यात टाकले तर दुसऱ्या दिवशी नोटीस आलीच म्हणून समजा. मी एका औषध कंपनीत पॅकिंगमध्ये आयुष्य काढलं. वर्तमानपत्र, प्लॅस्टिक, पुन्हा वर्तमानपत्र, पुन्हा प्लॅस्टिक, वरून खाकी कागद आणि कडेने चिकटपट्टी. असं पुडकं करायचो की कुणाला वाटावं, कुरिअरला चाललंय. ते घेऊन चार वाजता निघायचं आणि नाक्यापलीकडच्या महापालिकेच्या कचरापेटीत टाकून यायचं.

त्याच पेटीपाशी मला तो भेटला. आमच्याच इमारतीतला, दुसऱ्या मजल्यावरचा, गाव आमच्या गावापासून दोन कोसांवर. कमिटीपुढे तोही शाकाहारी होता. त्याच्या हातात पुडकं, माझ्या हातात पुडकं. आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि पोट धरून हसलो. तेव्हापासून दर रविवारी आम्ही जोडीने जायचो. आज काय, सरंगा की बांगडा, याची चर्चा करत.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं सगळं ऐकून मी फार सज्जन असल्यासारखं वाटेल. मधल्या एका वर्षी चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट एक मुसलमान जोडपं घेत होतं. दोघंही डॉक्टर. सोसायटीची सभा भरली. ‘नको’ म्हणणाऱ्यांनी हात वर करा म्हटल्यावर माझा हात वर गेला. शेजारी बसलेल्या मित्राचाही गेला. त्यांना पार्किंगची अडचण कळवण्यात आली. घरी आल्यावर बायकोने विचारलं, ‘‘काय ठरलं?’’ मी म्हटलं, ‘‘काही नाही, पार्किंगचं होतं.’’

मुलगी बेंगळुरूला नोकरीला गेली आणि तिने तिथे एका नागालँडच्या मुलाशी लग्न केलं. फिजिओथेरपिस्ट. कमी बोलणारा, रुंद पंजांचा, माझ्या गुडघ्याला हात लावला की अर्ध्या तासात मला जिना उतरता यायचा. तिला पाचवा महिना लागला तेव्हा दोघांपुढे प्रश्न आला की मूल कुठे वाढवायचं. मुलुंडमधल्या एका इस्पितळाने त्याला नोकरी देऊ केली होती. बेंगळुरूतली चालू होतीच. मला नातवंड घराजवळ हवं होतं. दुसरं काहीच नको होतं, आणि त्यासाठी मी काय वाटेल ते बोललो असतो.

‘‘बाबा, खरं सांग,’’ मुलगी फोनवर म्हणाली, ‘‘त्याला तिकडे त्रास नाही ना होणार? इथे रस्त्यात कुणीतरी चिंकी म्हणतं कधीतरी. पण आमची घरमालकीण चांगली आहे.’’

‘‘ही मुंबई आहे गं,’’ मी म्हटलं. ‘‘इथे कोण कुणाला काही विचारत नाही.’’

महिनाभर राहून बघू, म्हणून दोघं आमच्याकडे आली. मी मुलुंड, भांडुप, घाटकोपर इथले फ्लॅट बघायला लागलो. एक दलाल म्हणाला, ‘‘जावई फॉरेनर आहे का?’’ दुसरा म्हणाला, ‘‘सर, माझं काही नाही, सोसायटीला प्रॉब्लेम होतो ना.’’ तिसऱ्याने फोन उचलणंच बंद केलं. माझे हात शिवशिवत होते. पण घरी येऊन मी सांगायचो, तिथे पाण्याची बोंब आहे, त्या इमारतीला लिफ्ट नाही. जावई मान डोलवायचा. तो मराठी शिकत होता. ‘चालतं’ हा शब्द त्याला फार आवडला होता. चहात साखर कमी पडली तरी ‘चालतं’, माझ्या बायकोने तिसऱ्यांदा भात वाढला तरी ‘चालतं’.

तिसऱ्या आठवड्यात आवारातला तपकिरी कुत्रा दिसेनासा झाला. सगळे त्याला खायला घालायचे. दोन दिवसांनी सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, ‘तिसऱ्या मजल्यावरच्या पाहुण्यांना विचारा, त्यांच्याकडे खातात म्हणे.’ खाली हसणारी तोंडं. मी ते वाचलं आणि फोन उलटा ठेवला. मुलीला दाखवला नाही, जावयाला तर नाहीच. उद्या कुत्रा येईल आणि विषय संपेल असं मी स्वतःला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. बायकोने कुर्ल्यांचं कालवण आणि तळलेले बांगडे केले. जावयाने बोटं चाटून खाल्लं. चार वाजता मी पुडकं बांधलं, पण गुडघा सुजला होता. ‘‘मैं जाता हूँ, बाबा,’’ तो म्हणाला. मी त्याच्या हातात पुडकं दिलं आणि एकवीस वर्षांचं शास्त्र त्याला दोन वाक्यांत शिकवलं. सोसायटीच्या डब्यात टाकायचं नाही, वाटेत उघडायचं नाही. आणि कुणी विचारलं तर ‘काही नाही’ म्हणायचं आणि चालत राहायचं.

त्याने तेच केलं.

गेटपाशी चौघांनी त्याला अडवलं. सगळे आमच्याच इमारतीतले, एक तर सेक्रेटरीचा पुतण्या. ‘‘काय आहे त्यात?’’ विचारलं. तो म्हणाला, ‘‘काही नाही,’’ पुडकं छातीशी धरलं आणि चालायला लागला. हे मला नंतर वॉचमनने सांगितलं. मी ऐकला तो बायकोचा आवाज. ती खिडकीत होती. ‘‘अहो, मारतायत त्याला!’’

मी तिसऱ्या मजल्यावरून उतरत होतो. एकेक पायरी, कठड्याला धरून. मुलगी माझ्या पुढून पोट सांभाळत धावली. खालून आवाज येत होते. कुत्रा खाल्ला साल्याने. उघड ते. धर त्याला. मग एक असा आवाज आला की तो मला अजूनही येतो. सुकलेली फांदी गुडघ्यावर मोडावी तसा. वॉचमनची काठी पुतण्याने हिसकावून घेतली होती, आणि जावयाने तोंडावर येणारा फटका उजव्या हातावर झेलला होता.

मी पोहोचलो तेव्हा तो जमिनीवर होता. ओठ फाटलेला, एक डोळा मिटलेला, पाठीवर बुटांचे ठसे. आणि पुडकं अजून त्याच्या डाव्या काखेत. मी सांगितलं होतं ना, उघडायचं नाही. म्हणून त्याने ते सोडलं नव्हतं.

मुलीने ते खेचून घेतलं आणि सगळ्यांसमोर फाडायला लागली. माझं पॅकिंग. चिकटपट्टी दाताने तोडली, खाकी कागद, प्लॅस्टिक, वर्तमानपत्र, पुन्हा प्लॅस्टिक. किती वेळ लागला. सगळे बघत उभे. शेवटी फरशीवर कुर्ल्यांच्या नांग्या आणि बांगड्यांची डोकी सांडली.

‘‘शी!’’ गर्दीतून कुणी बाई म्हणाली आणि पदर नाकाला लावला.

काठीवाल्या पुतण्याने एक नांगी बुटाने बाजूला सारली. मग म्हणाला, ‘‘तर आधी सांगायचं ना यार.’’

त्याच वेळी मला मित्र दिसला. गेटच्या आत, भिंतीला लागून. रविवार, चार वाजलेले, त्याच्या हातात पिशवी. पिशवीत काय आहे हे मला आणि त्याला सोडून तिथे कुणालाच माहीत नव्हतं. आणि जावयाच्या काखेत काय आहे हेही त्याला पहिल्यापासून माहीत होतं.

‘‘तुका म्हायत होता ना रे?’’ मी विचारलं.

त्याने खाली बघितलं. ‘‘मी काय बोलतलंय रे? मगे माझी पिशवीय उघडली असती.’’

मी त्याला मारलं. पहिला ठोसा तोंडावर, त्याचा दात माझ्या बोटात रुतला. तो पडला तर मी गुडघ्याचं दुखणं विसरून त्याच्या छातीवर बसलो आणि मारत राहिलो. त्याची पिशवी फुटली. आतून माशांचे खवले उडाले, माझ्या हाताला चिकटले. तो प्रतिकार करत नव्हता, नुसता ‘‘मेलंय रे, मेलंय’’ म्हणत होता. मला ओढून काढलं ते त्याच चौघांनी. ज्यांना मारायला हवं होतं, ते मला शांत करत होते. ‘‘अंकल, अंकल, जाऊ दे.’’

पोलीस ठाण्यात सेक्रेटरी आमच्या आधी पोहोचला होता. मित्राचे दोन दात गेले होते, बरगडीला तडा होता. ‘‘तुम्हीपण मारलंय ना,’’ सेक्रेटरी गोडीत म्हणाला. ‘‘दोन्हीकडून केस झाली तर दोन्हीकडची वाट लागणार. मिटवून टाका.’’ जावयाने ऐकलं. माझ्याकडे बघितलं. मग डाव्या हाताने, पोरासारख्या वाकड्यातिकड्या अक्षरात, तक्रार नाही असं लिहून दिलं. माझी सुटका व्हावी म्हणून.

दुसऱ्या दिवशी त्याच्या मनगटात प्लेट बसवली. याच हातावर त्याचं पोट होतं. डॉक्टरांनी सांगितलं, हात वळेल, पण पहिल्यासारखा जोर येईल की नाही सांगता येत नाही. मी खाटेशी बसलो होतो. त्याने विचारलं, ‘‘बाबा, आप ये कितने साल से करते हो? पॅकिंग करके, छुपाके?’’

‘‘एकवीस,’’ मी म्हटलं.

मुंबईत कोण कुणाला काही विचारत नाही असं मी फोनवर मुलीला सांगितलं होतं, हे आम्हा दोघांनाही आठवत होतं.

मुलगी बोलली ती बाहेर, कॉरिडॉरमध्ये. ‘‘तू त्याच्यासाठी नाही मारलंस, बाबा. त्याच्यासाठी मारायचं असतं तर काठीवाला समोर होता. तू त्या काकांच्या जागी स्वतःला बघितलंस आणि मारलंस.’’ मला तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. हात उचललाही गेला असेल, कारण ती मागे सरकली. पोटावर दोन्ही हात धरून. माझी मुलगी मला घाबरली. मी तिथल्या बाकावर बसलो आणि रडलो.

कुत्रा मंगळवारी परत आला. शेजारच्या बांधकामावर अडकला होता म्हणे. ग्रुपवर त्याचे फोटो आले, त्याखाली जोडलेले हात.

ती दोघं बेंगळुरूला जायला निघाली त्या सकाळी बायकोने डबा भरला. सुके बोंबील, थोडी सुकट, आणि वाटण. मी नेहमीसारखा जमिनीवर बसलो. वर्तमानपत्र, प्लॅस्टिक, पुन्हा वर्तमानपत्र. वास बाहेर जाता कामा नये. प्रवासात कुणी काही बोलायला नको, तिकडच्या जिन्यात कुणाला कळायला नको. चिकटपट्टीचं टोक सापडेना म्हणून नखाने खरवडत होतो.

जावई माझ्यासमोर येऊन उकिडवा बसला. उजवा हात गळ्यातल्या पट्ट्यात. डाव्या हाताने त्याने चिकटपट्टी माझ्याकडून काढून घेतली आणि बाजूला ठेवली.

‘‘बस, बाबा,’’ तो मराठीत म्हणाला. ‘‘तिकडे वास आला तरी चालतं.’’