पाठवणाऱ्याला पुन्हा पाठवायला सांगा

ज्ञान दिल्याने वाढते आणि ते कधीही नष्ट होत नाही. जिल्ह्यातल्या इंग्रजीच्या शिक्षकांचा फोनवर जो ग्रुप आहे, त्याच्या नावाखाली हे वाक्य लिहिलेले आहे. शेजारी पेटत्या समईचे चित्र आहे. मी या ग्रुपवर सात वर्षे आहे. वाक्याच्या पहिल्या अर्ध्या भागाबद्दल मला खात्रीने काही सांगता येत नाही. दुसऱ्या अर्ध्या भागाची मुदत जेमतेम काही आठवड्यांची असते, हे मला मागच्या वर्षी कळले.

आम्ही बहुतेक जण मराठी शाळांत शिकवतो. आमच्या मुलांच्या कानावर इंग्रजी पडते ते त्या एका तासाला, तेही आमच्या तोंडून, म्हणजे फारसे पडत नाही असेच म्हणायचे. ही उणीव भरून काढायला ग्रुप काढला. त्यावर सगळे येते. परदेशी शिक्षकांच्या संकेतस्थळांचे पत्ते, छापून घ्यायचे तक्ते, खेळ, गाणी आणि ऑनलाइन कार्यशाळांची आमंत्रणे. कार्यशाळेत पहिली दहा मिनिटे पडद्यावर हलत्या ज्योतीचे दीपप्रज्वलन होते, मग मान्यवरांचा परिचय, मग मान्यवरांचा आवाज येत नाही. शेवटी एक फॉर्म भरला की प्रमाणपत्र मिळते. माझ्याकडे इतकी प्रमाणपत्रे आहेत की ज्यांचा आवाज बंद आहे अशा कोणत्याही देशातल्या मुलांना मी इंग्रजी शिकवू शकेन.

ग्रुपचा शिष्टाचार असा, की कोणी काही टाकले की खाली ‘अत्यंत उपयुक्त, सर’ लिहायचे आणि हात जोडायचे. मला तर पूर्ण लिहावेही लागत नाही. ‘अत्’ एवढे टाइप केले की पुढचे फोन सुचवतो. उघडून बघण्याचा शिष्टाचार नाही.

एकाच माणसाने हा ग्रुप मनावर घेतला. मिरकरवाडा बंदराजवळच्या एका शाळेत त्यांनी तीसएक वर्षे इंग्रजी शिकवले. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे, म्हणून मी त्यांना सर म्हणायचो. ते मला नुसते ‘अहो’ म्हणत. पाठ्यपुस्तकाबरोबर येणाऱ्या ध्वनिफितींवर त्यांचा राग होता. “बंद खोलीत बसून एक गोरा सँडविच मागतोय,” ते म्हणायचे. “आमच्या पोरांना बंद खोली कुठे माहितीय? बर्फाच्या मशीनचा आवाज, कावळे, लिलावाची बोंब, त्यातून ऐकू येईल ते इंग्रजी पाहिजे.” म्हणून ते रोज सकाळी जेटीवर जायचे, फोन समोर धरायचे आणि दोन मिनिटांचा व्हिडिओ करायचे. बोट आली. टोपलीत काय आहे? कोणी घेतले? केवढ्याला? हे सगळे सोप्या इंग्रजीत आणि मागे खरोखरच चाललेला लिलाव. घरी येऊन ते ग्रुपवर टाकायचे. निवृत्त झाल्यावरही हा क्रम चुकला नाही. पाचशेच्या वर धडे झाले होते.

एकदा ते मला एसटी स्टँडवर भेटले.

“ऐकता का हो तुम्ही?” त्यांनी विचारले.

“म्हणजे काय सर! कालचा फार छान होता.”

“कालचा कुठला?”

“तो... बोटीचा.”

“सगळे बोटीचेच आहेत. आणि काल मी टाकलाच नाही. ताप होता.”

मग त्यांनी मला चहा पाजला. ते मला जास्त लागले.

त्याच वर्षी ग्रुपवर सकाळच्या शुभेच्छांचा पूर आला. वाफाळता चहा, उगवता सूर्य आणि दव पडलेले गुलाब. सरांचा धडा त्याखाली कुठे गेला ते त्यांनाच सापडेना. त्यांनी आपल्या आवाजात एक निरोप पाठवला. इंग्रजीत, सावकाश, आठवीच्या वर्गाशी बोलावे तसा. त्याचा मराठीत अर्थ असा: “गुड मॉर्निंग. आता मी हे म्हणालो, त्यातून तुम्ही काय शिकलात? हा धडा नव्हे. मला गुलाब पाठवू नका. आज वर्गात काही शिकवले असेल तर ते सांगा. नसेल तर गप्प बसा. थँक यू.”

दुपारपर्यंत दुसरा ग्रुप निघाला. त्यात सर नव्हते, बाकी बहुतेक सगळे होतो. नाव ठेवले ‘गुलाब’. तो निरोप तिथे आला, तिथून खेडला, चिपळूणला गेला, दोघातिघांनी सरांची नक्कल करून पाठवली. सरांचे जे काही सगळ्यांनी खरोखर ऐकले, ते हे एवढेच. मी त्याखाली एक हसरा चेहरा टाकला होता. इतरांनी पाच-पाच टाकले होते, अशी मी नंतर स्वतःची समजूत घातली.

मागच्या वर्षी जानेवारीत सर जेटीवर धडा करत असताना कोसळले. लोकांनी उचलून रिक्षात घातले. फोन दोन बोटींच्या मधल्या फटीतून पाण्यात गेला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. समजत सगळे होते. बोलायला गेले की नुसता घशातला आवाज यायचा. कोल्हापूरहून एक स्पीच थेरपिस्ट दर शनिवारी इथल्या दवाखान्यात यायची. तिने सरांच्या पत्नीला, वहिनींना, सांगितले की यांना हजारदा तोंडात बसलेले काहीतरी ऐकवा. आरती, पाढे, गाणे. आणि यांच्याच आवाजातले काही असेल तर त्याहून चांगले. कधी कधी जीभ ती वाट धरते. आणि पहिल्या काही महिन्यांत जे येईल ते येईल, पुढे कठीण.

मार्चमध्ये वहिनींनी मला बोलावून घेतले.

“आरतीला हे नुसत्या टाळ्या वाजवायचे,” त्या म्हणाल्या. “पाढे कधी म्हणताना ऐकले नाहीत. पण ते तुमच्या ग्रुपवरचे धडे आहेत ना ओ भावोजी. मी म्हणायचे, कुठेतरी उतरवून ठेवा, फोनचा काय भरवसा. तर म्हणायचे, अगं अडीचशे शिक्षकांकडे आहेत, याहून सुरक्षित काय असणार?”

सर खुर्चीत बसून माझ्याकडे बघत होते.

“आहेत वहिनी,” मी म्हणालो. “उद्या घेऊन येतो.”

घरी येऊन मी ग्रुप उघडला आणि मागे मागे गेलो. धडे होते. प्रत्येक धड्याचे धूसर चित्र, त्यावर खाली वळलेला बाण, आणि खाली ओळीने आमचे जोडलेले हात. व्हिडिओ आपोआप उतरू नयेत अशी सोय फोनमध्ये असते. तंत्रज्ञानातले तेवढे एक आम्हा सगळ्यांना येत होते. मी बाण दाबला. फोनने सांगितले की ही फाइल आता उपलब्ध नाही, पाठवणाऱ्याला पुन्हा पाठवायला सांगा. मी त्याच्या वरचा दाबला, मग त्याच्या वरचा. साठ-सत्तर धडे मी दाबून पाहिले. प्रत्येक वेळी तोच सल्ला. वेळेत न उतरवलेला व्हिडिओ काही आठवड्यांनी नाहीसा होतो, हे मला तेव्हा कळले.

ग्रुपवर विचारले. सरांचे व्हिडिओ कोणाकडे असतील तर कृपया पाठवा. पहिले उत्तर आले, ‘अत्यंत उपयुक्त, सर.’ मग ‘लवकर बरे व्हा’, मग हात. तिघांनी फोन बदलल्याचे कळवले. रात्री जेवताना खेडच्या एका शिक्षिकेचा फोन आला. तिचा माझा काही परिचय नव्हता.

“सर, मी सगळे ऐकलेत,” ती म्हणाली. “पहिल्यापासून.”

माझ्या हातातला घास तसाच राहिला. “मग पाठवा ना!”

“व्हिडिओ नाहीत हो. माझा फोन लहान आहे. मी ऐकायचे, वाक्यं वहीत उतरवायचे आणि पुसून टाकायचे. मुलांकडून फळ्यावरून म्हणवून घेते. वही आहे. वहीचे फोटो चालतील का?”

तिने पानांचे फोटो पाठवले. सुवाच्य अक्षर, धड्याचा क्रमांक, समासात मुलांच्या नेहमीच्या चुका. अडीचशे माणसांत सरांना एक विद्यार्थिनी मिळाली होती आणि त्यांना ते माहीत नव्हते. शनिवारी मी ते फोटो थेरपिस्टला दाखवले. ती म्हणाली, “छान आहे, पण मला यांचा आवाज हवाय.”

घरी आल्यावर वहिनींनी विचारले, “एकही नाही? तुमच्याकडेसुद्धा?”

आवाज माझ्याकडे होता. आवाजी निरोप मात्र फोनमध्ये आपोआप उतरतात. मी ‘गुलाब’ उघडला, नकला ओलांडून मूळ निरोप शोधला आणि पडद्यावरचे ग्रुपचे नाव हाताने झाकून तो लावला. बऱ्याच दिवसांनी त्या घरात सरांचा आवाज आला. सर ताठ झाले. डावा हात थोडा वर आला, वर्ग शांत करताना येतो तसा.

“कोणावर रागावलेत हे?” वहिनींनी विचारले. त्यांना इंग्रजी येत नाही.

“आमच्यावर.”

“मग बरंच केलं. परत लावा.”

मी परत लावला. सर माझ्याकडे बघत होते. दुसऱ्या ग्रुपची त्यांना कल्पना होती की नाही, हे मला आजही माहीत नाही. आता ते सांगू शकत नाहीत आणि आधी मी विचारले नाही.

निरोप वहिनींच्या फोनवर घातला. सकाळी, दुपारी, संध्याकाळी त्या तो लावायच्या आणि सरांच्या समोर बसून स्वतःही म्हणायच्या, अर्थ न कळता, त्याच रागीट सुरात. शेजारच्या मुली दारात उभ्या राहून म्हणायला लागल्या. एप्रिल गेला, मे गेला. जूनमध्ये मासेमारी बंद झाली आणि जेटीकडून येणारे आवाज थांबले. थेरपिस्ट दर शनिवारऐवजी महिन्यातून एकदा यायला लागली. तिने फाइलमध्ये ‘प्रतिसाद मर्यादित’ असे लिहिले.

नारळी पौर्णिमेनंतर चार दिवसांनी वहिनींचा फोन आला. “या. आत्ताच या.” मी गेलो. सर खुर्चीत होते. वहिनींनी निरोप लावला नव्हता. सरांनी माझ्याकडे पाहिले, ओठ जुळवले, सोडले, पुन्हा जुळवले आणि अगदी स्वच्छ म्हणाले, “गुड मॉर्निंग.”

वहिनी रडायला लागल्या. “पुढचं कधी म्हणतील?” त्यांनी डोळे पुसत विचारले. मी म्हणालो, येईल हळूहळू.

त्याला आता बरेच महिने झाले. पुढचे आलेले नाही. पहिले मात्र पक्के बसले आहे. दूधवाल्याला, सिलिंडरवाल्याला, मला, ते सगळ्यांना तेवढेच म्हणतात. त्या दिवशी ते पहिल्यांदा म्हणाले, तेव्हा संध्याकाळचे सव्वासहा वाजले होते.