मेघनाला कुणी विचारलं नाही

शेजारच्या मेघनाच्या बाळाचं बारसं होतं. नाव ठेवून झालं, बाळ भुकेनं रडू लागलं आणि मेघनानं दुधाची बाटली काढली. तिच्या आत्येसासूबाईंनी ती सगळ्यांदेखत तिच्या हातातून काढून घेतली.

"आईचं दूध असताना हे कशाला? हल्लीच्या मुलींना अंगावर पाजायला नको."

दोघीचौघी हसल्या. खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच आलं होतं.

मेघना खाली बघत म्हणाली, "आत्याबाई, माहेरी असताना माझ्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं. आता औषधं चालू आहेत, ती दुधातून बाळाला जातील. पाजायचं नाही म्हणून डॉक्टरांनी सांगितलंय."

गेल्याच आठवड्यात मी तिला अळीवाचे लाडू दिले होते, दूध भरपूर येईल म्हणून. तिनं ते हसून घेतले होते. किती जणींपुढे ती अशी हसली असेल? बाळ दिसलं की आपण आईची परीक्षाच घ्यायला बसतो. ती कशातून उठून आलीये, हे मनातही येत नाही.

तिच्या सासूबाई उठल्या. त्यांनी नणंदेच्या हातातून बाटली घेतली, बाळाला मांडीवर घेतलं आणि दूध पाजू लागल्या. मेघनाचे हात रिकामे झाले.

मला तिच्याकडे बघवेना. मी हळूच विचारलं, "जेवलीस का गं?"

"नाही काकू," ती म्हणाली, आणि तेव्हा कुठे तिच्या डोळ्यांत पाणी आलं.