मागं अंधार

सरांचा फोन बंद. चौथ्यांदा लावला, तरी बंद. शेडच्या पत्र्यावर पाऊस कोसळत होता.

मी कोल्हापुरात एका सर्व्हिस सेंटरला चौदा वर्षं इलेक्ट्रिशियन आहे. त्या सकाळी रिटायर्ड हेडमास्तर कांबळे सर नवी राखाडी गाडी घेऊन आले, तेच वैतागून. गाडीत ऑटो हेडलाईट. पुढच्या काचेजवळ शर्टाच्या बटणाएवढा सेन्सर असतो, उजेड कमी झाला की तो लाईट लावतो. जरा आभाळ आलं की सरांची लाईट लागायची. आणि आपल्याकडं दिवसा कुणाची लाईट दिसली, की समोरचा हाताची बोटं उघडझाप करून सांगणारच.

"कागलपासनं हितंवर पंधरा जणांनी हात केले," सर म्हणाले. "एका म्हातारीनं बी. बंद कर बाबा हे."

खरं तर समजावून सांगायला हवं होतं. पण मागं गाड्यांची रांग. मी कंप्युटर लावला आणि सेन्सर पार मंद करून टाकला. म्हणजे चांगला अंधार पडल्याशिवाय लाईट लागणार नाही. सर खूश. दुपारी लेकीला आणि तिच्या तान्ह्या बाळाला सासरी मलकापूरला सोडायचं होतं, म्हणून लगेच निघाले.

दुपारी पाऊस आला तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. सेन्सरला अंधार कळतो, पाऊस कळत नाही. हेडलाईट सोडून समोरचे बारीक पांढरे दिवे दिवसभर जळतातच, त्यामुळं आत बसलेल्याला वाटतं लाईट चालू आहे. मागं मात्र एक दिवा नाही, ते हेडलाईटबरोबरच लागतात. आणि मलकापूरच्या वाटेवर, रत्नागिरी रोडला, ट्रकची वर्दळ. सरांचा नियम असा, की गाडी चालवताना फोन बंद.

मॅनेजर साहेबांना सगळं सांगितलं. ते ओरडले नाहीत, त्यानं मी जास्तच भ्यालो. "व्हॅन घे आणि नीघ," एवढंच म्हणाले.

रस्त्याकडेला गर्दी दिसली की व्हॅन हळू करायचो. एकदा जवळ गेलो, तर माणसं भाजलेली कणसं खात उभी होती. देवाला काय काय बोललो, ते इथं लिहीत नाही.

बांबवड्याच्या पुढं पावसानं रस्ता धुरकट झाला. वायपर फिरला, समोर रस्ता मोकळा. पुन्हा फिरला, समोर गाडीची डिकी. ब्रेकवर उभाच राहिलो. व्हॅन घसरत गेली आणि वीतभर अंतरावर थांबली. राखाडी गाडी. मागच्या काचेतून लेकीच्या खांद्यावरचं बाळाचं टोपडं दिसलं. वाचवायला निघालेला मीच त्यांना ठोकणार होतो.

हॉर्न मारमारून त्यांना पेट्रोल पंपावर थांबवलं.

"सर, मागं लाईटच न्हाय. चूक माझी हाय."

"चालू हाय की. समोर बघ."

मी त्यांना गाडीच्या मागं नेलं. त्यांनी वाकून मागच्या विझलेल्या दिव्याला हात लावला. शेजारून एक ट्रक पाणी उडवत गेला.

"पोरीला सांगू नगंस," एवढंच म्हणाले.

मी हातानं लाईट लावून दिली, आणि दुसऱ्या दिवशी सेन्सर होता तसा केला. आता नवी गाडी देताना प्रत्येकाला सांगतो, रांग कितीही असो: पाऊस आला की लाईट हातानं लावायची, ऑटोच्या भरवशावर राहायचं नाही.

परवा सर सर्व्हिसिंगला आले. विचारलं, लोक अजून हात करतात का?

"करत्यात की," सर म्हणाले. "करू देत. म्हंजे दिसतोय मी त्यांस्नी."